जुन्या पीसीला झेपेल असा अँटिव्हायरस कसा निवडायचा (आणि मुळात विकत घ्यायचा का)

कराडच्या आत्याचा लॅपटॉप गेल्या दिवाळीत माझ्या पुढ्यात आला तेव्हा तो चालू व्हायला इतका वेळ घेत होता की मधल्या वेळात चहा पिऊन कप धुवून झाला. ४ जीबी रॅम, साधी हार्ड डिस्क, आणि आत बघतो तर दोन अँटिव्हायरस. एक दुकानदाराने विकत घेताना टाकून दिलेला, ज्याची मुदत कधीच संपलेली होती आणि तो दर तासाला लाल चौकट दाखवून पैसे भरा म्हणत होता, आणि दुसरा कुठल्यातरी पीडीएफच्या सॉफ्टवेअरसोबत आपोआप आलेला, जो तिने घेतलाच नव्हता. आत्याचं म्हणणं, "अरे दोन आहेत म्हणजे डबल सेफ ना?" तर नाही. घरच्या कॉम्प्युटरसाठी हलका अँटिव्हायरस निवडायचा म्हणजे काय काय करायचं ते तिच्या लॅपटॉपवर जसं केलं तसंच सांगतो.

आधी आत काय आहे ते बघा

नवीन काही डाउनलोड करू नका अजून. स्टार्टमध्ये जाऊन विंडोज सिक्युरिटी टाइप करा, ते उघडलं की डाव्या खालच्या कोपऱ्यात सेटिंग्ज, आणि तिथे मॅनेज प्रोव्हायडर्स. सध्या कोणता अँटिव्हायरस चालू आहे, कोणता बंद पडलाय, हे सगळं तिथे दिसतं. विंडोज १० आणि ११ मध्ये मायक्रोसॉफ्टचा स्वतःचा डिफेंडर आधीपासून असतोच, पण दुसरा अँटिव्हायरस टाकला की तो आपणहून बाजूला होतो. आता गंमत अशी की मुदत संपलेला अँटिव्हायरस काही वेळा तसाच ठाण मांडून बसतो, आणि नवीन व्हायरसची माहिती त्याच्याकडे येणं बंद झालेलं असतं, म्हणजे वजन पूर्ण आणि काम अर्धंमुर्धं.

मुदत संपलेलं आणि न मागता आलेलं, दोन्ही काढून टाका. नुसतं अनइन्स्टॉल करून भागत नाही बऱ्याचदा, कारण या सॉफ्टवेअरचे ड्रायव्हर, म्हणजे विंडोजसोबतच चालू होणारे छोटे प्रोग्रॅम, विंडोजच्या अगदी पोटात बसलेले असतात. जवळजवळ प्रत्येक मोठी कंपनी आपलं सॉफ्टवेअर मुळापासून काढायचं वेगळं टूल देते, ते त्या कंपनीच्याच साइटवरून घ्या, मग रीस्टार्ट करा, आणि परत विंडोज सिक्युरिटीत जाऊन डिफेंडर जागा झालाय का ते बघा.

मशीनची तब्येत बघा

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा, टास्क मॅनेजर उघडेल. त्यातल्या परफॉर्मन्सच्या टॅबमध्ये रॅम किती आहे आणि डिस्क एचडीडी (जुनी फिरणारी हार्ड डिस्क) आहे की एसएसडी (चिपवाली, कितीतरी वेगवान) हे लिहिलेलं असतं. डिस्क एचडीडी असेल आणि काहीही न करता १०० टक्क्यांवर अडकलेली असेल, तर खरं सांगायचं म्हणजे जगातला कुठलाही अँटिव्हायरस तुम्हाला जडच वाटणार, कारण अँटिव्हायरसचं कामच मुळी उघडणारी प्रत्येक फाइल आधी वाचून बघायचं, आणि हार्ड डिस्क वाचण्यातच मार खाते. दरवर्षी लायसन्सवर जेवढं घालवता त्याची दोन-तीन वर्षांची बेरीज करा आणि मग एकदा एसएसडीची किंमत विचारून या, मी एवढंच म्हणेन.

मोजल्याशिवाय हलका-जड ठरवू नका

हे कोणी करत नाही. सगळे विचारतात "कोणता लाइट आहे?" आणि समोरचा जो स्वतः वापरतो त्याचं नाव सांगतो. त्यापेक्षा हे करा. एका फोल्डरमध्ये भरपूर छोट्या फाइल्स असू देत, लग्नाचे फोटो सगळ्यात बरे. मशीन रीस्टार्ट करा, दहा मिनिटं हात लावू नका म्हणजे सुरुवातीची धावपळ संपते, आणि मग तो फोल्डर दुसऱ्या जागी कॉपी करून मोबाइलवर वेळ लावा. एकच मोठा पिक्चर कॉपी करून उपयोग नाही, तिथे फरक फार कळत नाही, हजार छोट्या फाइल्स असल्या की प्रत्येकीची तपासणी होते आणि मग कळतं. दुसऱ्यांदा मोजायच्या आधी परत रीस्टार्ट करायला विसरू नका, नाहीतर विंडोजने आधीच रॅममध्ये धरून ठेवलेल्या फाइल्समुळे आकडा उगाच छान दिसतो.

आत्याच्या लॅपटॉपवर तिच्या मुलीच्या साखरपुड्याचे नऊशे फोटो होते. दोन्ही पाहुणे असताना सव्वातीन मिनिटं लागली, ते काढून नुसता डिफेंडर ठेवल्यावर पावणेदोन. तुमचा आकडा वेगळा येईल, येऊ दे, तुम्हाला तुमच्याच मशीनचं ठरवायचंय.

मग डिफेंडर पुरतो का

घरात बँकेचं काम, मुलांचा अभ्यास, यूट्यूब, थोडं एक्सेल एवढंच असेल आणि विंडोज अपडेट होत असेल तर माझ्या मते पुरतो. दहा-बारा वर्षांपूर्वी लोक त्याला हसायचे, मीही हसायचो. जर्मनीतली एव्ही-टेस्ट ही लॅब संरक्षण, वेग आणि वापरायला सोपेपणा अशा तीन गोष्टींना प्रत्येकी ६ मार्क देते, एकूण १८, आणि अलीकडच्या वर्षांत डिफेंडर तिथे बऱ्याचदा पैकीच्या पैकी किंवा त्याच्या जवळपास मिळवतो.

पण तो तसाच सोडू नका, थोडी सेटिंग्ज करावी लागतात. रेप्युटेशन बेस्ड प्रोटेक्शनमध्ये जाऊन नको असलेली ॲप्स ब्लॉक करायचा पर्याय चालू करा, आत्याकडे पीडीएफवाल्यासोबत जे आलं तसलं सामान तिथेच अडतं. टॅम्पर प्रोटेक्शन, म्हणजे दुसऱ्या प्रोग्रॅमला डिफेंडर परस्पर बंद करू न देणारी सोय, चालू आहे ना बघा. रॅन्समवेअरसाठी, म्हणजे फाइल्स लॉक करून पैसे मागणाऱ्या व्हायरससाठी, कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस म्हणून एक गोष्ट आहे ती मुळात बंद असते, चालू केली की अनोळखी प्रोग्रॅमला तुमच्या डॉक्युमेंट्स आणि फोटोंच्या फोल्डरमध्ये काही बदलता येत नाही. सुरुवातीला ती एखाद्या जुन्या टायपिंगच्या सॉफ्टवेअरलाही अडवेल, मग त्याला हाताने परवानगी द्यायची.

आता तक्रार असते ती ही, की टास्क मॅनेजरमध्ये अँटीमालवेअर सर्व्हिस एक्झिक्युटेबल नावाचं काहीतरी सगळा सीपीयू खातंय. तो व्हायरस नाही, तो डिफेंडरच. स्कॅन चालू असतो म्हणून खातो. टास्क शेड्युलर उघडून मायक्रोसॉफ्ट, मग विंडोज, मग विंडोज डिफेंडर या फोल्डरमध्ये शेड्युल्ड स्कॅन सापडेल, त्याच्या ट्रिगर्समध्ये तुम्ही जेवायला बसता ती वेळ टाका, आठवड्यातून एकदा. पॉवरशेलमधून (विंडोजचीच, कमांड टाइप करून काम करायची खिडकी) स्कॅनची सीपीयू मर्यादाही कमी करता येते, ती मुळात ५० टक्के असते, पण ती सरासरी आहे, आणि मशीन रिकामं असताना ती सहसा लागू होत नाही, त्यामुळे काम करताना मध्येच जड होत असेल तरच त्या भानगडीत पडा. आणि एक, कोणीतरी सांगेल की अख्खा डाउनलोड्सचा फोल्डर स्कॅनमधून वगळा, फास्ट होईल. होईल की! पण घाण येते ती तिथूनच.

विकत घ्यायचाच असेल तर

काही घरांत घ्यावाही. मुलं कुठूनही गेम आणि क्रॅक उतरवतात, झेरॉक्सच्या दुकानातून फिरून आलेला पेनड्राइव्ह रोज लागतो आणि घरी आल्यावर त्यातल्या सगळ्या फोल्डरांचे शॉर्टकट झालेले असतात, किंवा काही झालं तर फोन करून मराठीत बोलायला कोणीतरी हवं असतं. पुण्याची क्विक हील, मुंबईची ईस्कॅन, चेन्नईची के-सेव्हन या आपल्याकडच्या कंपन्या, बाहेरच्यांमध्ये स्लोव्हाकियाची ईसेट आणि रोमानियाची बिटडिफेंडर ही नावं बऱ्याच वर्षांची आहेत. नावावर जाऊ नका मात्र. ऑस्ट्रियाची एव्ही-कम्पॅरेटिव्हज ही लॅब वर्षातून दोनदा फक्त वेगाची चाचणी घेऊन इम्पॅक्ट स्कोअर जाहीर करते, आकडा जितका कमी तितका हलका, तो बघून दोन नावं निवडा, बहुतेकांचं महिनाभराचं ट्रायल असतं, ते एका वेळी एकच टाका आणि नऊशे फोटोंची परीक्षा परत घ्या.

टाकताना कस्टम इन्स्टॉल निवडा. व्हीपीएन, क्लीनर, ड्रायव्हर अपडेटर, पासवर्ड मॅनेजर, ब्राउझरचं टूलबार, जे जे अनटिक करता येईल ते करा, जुन्या मशीनला जड करतं ते हेच बाकीचं लटांबर. टोटल सिक्युरिटी नावाच्या मोठ्या डब्यापेक्षा त्याच कंपनीचा साधा अँटिव्हायरस बऱ्याचदा स्वस्तही असतो आणि सुटसुटीतही.

पैशाच्या बाबतीत पहिल्या वर्षीची किंमत बघून खूश होऊ नका, खाली बारीक अक्षरात दुसऱ्या वर्षीची असते ती बघा. कार्डावरून ऑटो रिन्यूअल घेतलं असेल तर रिझर्व्ह बँकेच्या नियमाने पैसे कापायच्या किमान २४ तास आधी मेसेज यावा लागतो, तो जाहिरात समजून डिलीट करू नका, माझा एकदा असाच गेला. दुकानातून की, म्हणजे लायसन्सचा नंबर, असलेला डबा घेणार असाल तर स्क्रॅच केलेला नाही ना आणि बिल मिळतंय ना एवढं बघा, व्हॉट्सॲपवर शंभर-दीडशेला मिळणाऱ्या की घेऊ नका.

फुकटातले अँटिव्हायरस वाईटच असतात असं नाही, पण खर्च कुठून निघतो हे विचारावं. अवास्टवर वापरणाऱ्यांची ब्राउझिंगची माहिती विकल्याचा ठपका होता, अमेरिकेच्या एफटीसीने (ग्राहकांच्या हिताकडे बघणारा तिथला सरकारी आयोग) २०२४ मध्ये त्यासाठी १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला लावले. आणि अवास्ट, एव्हीजी, अविरा, नॉर्टन ही चारही नावं आता एकाच मालकाकडे आहेत, त्यामुळे एक सोडून दुसरं घेतलं म्हणजे कंपनी बदलली असं समजू नका.

विंडोज जुनं असेल तर

विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, पुढच्या सिक्युरिटी अपडेटसाठी वेगळी नोंदणी करावी लागते, सेटिंग्जमध्ये अपडेटच्या पानावर पर्याय दिसतो. याला आळस करू नका. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाच्या रॅन्समवेअरने जगभर कॉम्प्युटर लॉक केले तेव्हा ज्या भोकातून तो शिरला ते बुजवणारा अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिला होता, ज्यांनी टाकला नव्हता ते जास्त करून सापडले. विंडोज ७ वर अजूनही कोणी असेल तर तिथला डिफेंडर हा पूर्ण अँटिव्हायरस नव्हताच, फक्त स्पायवेअर, म्हणजे गुपचूप माहिती चोरणारे प्रोग्रॅम, बघायचा. त्या मशीनवर बँकेचं काम करू नका, बस.

आधीच काहीतरी शिरलंय असा संशय असेल तर नवीन खरेदीच्या आधी सफाई करा. डिफेंडरमध्ये ऑफलाइन स्कॅन आहे, मशीन रीस्टार्ट होऊन विंडोज पूर्ण उठायच्या आत साधारण पंधरा मिनिटं तपासणी होते, लपून बसलेलं त्यात सापडतं. भारत सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राच्या साइटवरही सफाईची टूल्स फुकट मिळतात.

शेवटी, चालतोय का ते तपासा

आत्याला सगळं नीट करून दिलं आणि आठ दिवसांनी तिचा फोन. "अरे, ते आता काहीच बोलत नाही रे. बंद पडलंय वाटतं." लाल चौकट येत नाही म्हणजे काम चालू नाही असं तिला वाटत होतं, आणि तिचं तरी काय चुकलं, इतकी वर्षं अँटिव्हायरस म्हणजे ओरडणारी चौकट हेच तिने बघितलं होतं. यासाठी आयकार नावाची एक टेस्ट फाइल असते, फक्त ६८ अक्षरांची, तिच्यात व्हायरस नसतोच पण सगळ्या कंपन्यांनी ठरवून तिला पकडायचं असं आहे. आयकारच्याच साइटवरून ती डाउनलोड करायला घ्यायची. मी व्हिडिओ कॉल लावला, तिला ती लिंक दाबायला लावली, आणि फाइल पूर्ण उतरायच्या आत उजव्या कोपऱ्यात थ्रेट सापडल्याची चौकट टुणकन वर आली. आत्या दोन सेकंद बघत राहिली आणि म्हणाली, "हां, आहे आहे. परत एकदा दाब बघू?"