बटण ओढायचं की लिहायचं? जावा स्विंग शिकणाऱ्यांसाठी माझा अनुभव

डिप्लोमा करून साकीनाक्याच्या एका छोट्या कंपनीत लागलो तेव्हा मला वाटायचं आपल्याला स्विंग, म्हणजे जावात खिडक्या-बटणं बनवायची लायब्ररी, येतं. येत काय होतं, तर नेटबीन्स हे जावाचा कोड लिहायचं सॉफ्टवेअर उघडायचं, पॅलेटमधून, म्हणजे तयार बटणं-खान्यांच्या पेटीतून, बटण उचलून फॉर्मवर टाकायचं, डबल क्लिक करायचं आणि आत कोड लिहायचा. कॉलेजचा प्रोजेक्ट असाच केलेला, मार्कही बरे पडले, मग शंका कशाला येईल.

पहिलं काम आलं दादरच्या एका हॉटेलच्या बिलिंगचं. २४ टेबलं, म्हणून मी २४ बटणं एकेक करून ओढली आणि नावं ठेवली तीच जी नेटबीन्सने दिली, जेबटन१, जेबटन२ वगैरे. पंधरा दिवसांत मालक म्हणाले माळ्यावर एसी सेक्शन काढलाय, सहा टेबलं वाढवा. कुठलं बटण कुठल्या टेबलाचं हे शोधण्यात आख्खी दुपार गेली, आणि वर मी नल लेआउट ठेवलेला, म्हंजे प्रत्येक बटण पिक्सेल मोजून खिळा ठोकल्यासारखं बसवलेलं, ऑफिसच्या मोठ्या मॉनिटरवर छान दिसायचं पण काउंटरवरचा मॉनिटर जुना आणि छोटा, तिथे 'बिल छापा' हे बटण स्क्रीनच्या खाली गायब. ऐन जेवणाच्या गर्दीत गल्ल्यावरचे काका विचारतायत, "अरे बाळा, छापायचं कुठून?"

आमच्या सिनियर मॅडमनी डिझायनर, म्हणजे हे ओढून टाकायचं प्रकरण, बंदच करायला लावला. ग्रिडलेआउट(०, ६) लिही म्हणाल्या, ही सारख्या चौकटींची मांडणी, शून्य म्हणजे ओळी लागतील तेवढ्या, कॉलम सहा, आणि टेबलांची यादी डेटाबेसमधून घेऊन लूपमध्ये बटणं बनव. सगळं मिळून कोडच्या तीसेक ओळी झाल्या. ही टेबलांची चौकट बोर्डरलेआउटच्या (खिडकीचे मध्य आणि चार कडा असे भाग करणारी मांडणी) सेंटरमध्ये, छापायचं बटण साउथमध्ये म्हणजे खालच्या कडेला, शेवटी पॅक() केलं की खिडकी आतल्या मालाच्या मापाची होते. विंडो ताणली की टेबलं मोठी होतात, छापायचं बटण खालीच चिकटून राहतं. हे मी दोन वर्षं स्विंग 'येत' असताना पहिल्यांदा बघत होतो!

म्हणून डिझायनर वाईट असं मात्र नाही हां. ग्राहकाची माहिती भरायचा पंधरा खान्यांचा फॉर्म ग्रिडबॅगलेआउटने, म्हणजे प्रत्येक खान्याची जागा कोडमध्ये सांगून, हाताने लिहून बघा, डोकं धरून बसाल, तो मी आजही ओढूनच करतो. त्यातून नेटबीन्स स्वतः लिहितो तो राखाडी कोड, इनिटकंपोनंट्स या मेथडमधला, वाचायला भयंकर दिसतो कारण त्यातली ग्रुपलेआउट ही मांडणी मुळात अशा टूलसाठीच बनवलीय. हा राखाडी कोड तिथे हाताने बदलता येत नाही, गरज पडली तर नेटबीन्सच्या 'कस्टमाइझ कोड'मधून जायचं. आणि बटण टाकल्या टाकल्या व्हेरिएबलचं नाव बदला, नंतर कोणी बदलत नाही.

अजून एक, गिटमध्ये (कोड साठवायची आणि वाटायची सिस्टीम) जावा फाइलसोबत डॉट फॉर्म फाइलही टाका, ओढून केलेलं डिझाइन तिच्यात असतं. मी ती एकदा विसरलो, दुसऱ्या मशीनवर डिझाइनचा टॅबच दिसेना, आणि त्या दिवशी शेवटची डोंबिवली लोकल थोडक्यात मिळाली.

त्या हॉटेलात परवा जेवायला गेलो तर टेबलं ३४ झालेली. मालकांनी मास्टरमध्ये, म्हणजे डेटाबेसमधल्या टेबलांच्या यादीत, स्वतःच वाढवली होती, मला कोणी फोनही केला नव्हता.