कॅम्पेन चालू असताना फीडबॅक कसा घ्यावा आणि कसा द्यावा: डीएम आणि खेळाडूंसाठी

डंजन्स अँड ड्रॅगन्ससारख्या, कॅरेक्टर घेऊन खेळायच्या खेळात डीएमने (डंजन मास्टर, म्हणजे कथा चालवणारा) "कसं वाटलं आजचं सेशन?" असं विचारलं की "मस्त!" हेच उत्तर येतं. चार तास खेळून झालेले असतात, घरी जायची घाई असते, आणि डीएमने आठवडाभर खपून तयारी केली आहे हे सगळ्यांना माहीत असतं. अशा वेळी तोंडावर कोण वाईट बोलणार? मग काही महिन्यांनी एकेकाला "या शनिवारी जमणार नाही" असं होऊ लागतं आणि चांगलं रंगलेलं कॅम्पेन (अनेक सेशन चालणारी कथा) बंद पडतं.

यावर उपाय म्हणजे मत न विचारता प्रसंग विचारणं. "मजा आली का?" या प्रश्नातून डीएमच्या हाती काही लागत नाही. "कुठल्या क्षणी तुझं लक्ष फोनकडे गेलं?" असं विचारलं की नेमकी जागा कळते, आणि जागा कळली की बहुतेक वेळा नियमांत किंवा तयारीत त्याचं कारण सापडतं. खालची उदाहरणं डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या आवृत्तीतली आहेत. आकडे २०१४ च्या नियमांतले आहेत. २०२४ च्या सुधारित नियमांचा उल्लेख केला आहे तिथे तसं लिहिलं आहे.

सेशन संपल्यावर लगेच

ठरलेल्या वेळेच्या १५ मिनिटं आधी खेळ थांबवा. लढाई अर्धवट राहिली तरी बिघडत नाही. इनिशिएटिव्हचा (पाळ्यांचा) क्रम, मॅपवरच्या जागा आणि प्रत्येकाचे हिट पॉइंट (किती जीव उरला) यांचा फोटो काढून ठेवा. मग 'स्टार्स अँड विशेस'ची एक फेरी घ्या. स्टार म्हणजे आज आवडलेला एक ठोस क्षण, शक्यतो दुसऱ्या खेळाडूचा. विश म्हणजे पुढे काय घडावंसं वाटतं ते. पाच जणांना प्रत्येकी दोन मिनिटं दिली तर दहा मिनिटांत आटोपतं. डीएमने सर्वांत शेवटी बोलावं, कारण तो आधी बोलला की बाकीचे त्याचीच री ओढतात.

विशचा फायदा असा की तक्रार मागणीच्या रूपात बाहेर येते. "माझ्या पॅलाडिन योद्ध्याच्या गुरूचं काय झालं ते आता कळायला हवं" असं कुणी म्हटलं, तर त्यात "माझी बॅकस्टोरी तू विसरलास" हे न बोलता बोललं जातं आणि पुढच्या तयारीचा विषयही मिळतो. विश ऐकताना डीएमने फक्त लिहून घ्यावं. "हो, पण त्याचं कारण असं की…" हे वाक्य सुरू झालं की दोन तोटे होतात. समोरचा पुढच्या वेळी गप्प बसतो, आणि स्वतःची बाजू मांडता मांडता डीएमच्या तोंडून अजून न उघडलेलं रहस्य निसटतं.

मोठी नाराजी या फेरीत येणार नाही, कारण इथे सगळ्यांसमोर बोलायचं असतं. तिच्यासाठी दुसरी जागा लागते.

दर पाच-सहा सेशननंतर फॉर्म

कथेचा एक टप्पा संपला किंवा लेव्हल वाढली की छोटा फॉर्म पाठवा. प्रश्न सहाच्या वर नेऊ नका. पुढची उत्तरं "ठीक", "छान" अशी येऊ लागतात. हे सहा प्रश्न उपयोगी पडतात:

१. गेल्या पाच सेशनमधला कोणता प्रसंग तुम्ही टेबलाबाहेरच्या कुणाला सांगितलात?
२. लक्ष कुठे उडालं? तेव्हा टेबलावर काय चाललं होतं?
३. तुमच्या कॅरेक्टरला सध्या काय हवं आहे? एका वाक्यात लिहा.
४. नोट्स न बघता तीन एनपीसींची (डीएम चालवतो त्या पात्रांची) नावं लिहा.
५. लढाई, संवाद आणि शोध यांत दहा गुण वाटा: आत्ता काय मिळतंय आणि काय हवंय.
६. कॅरेक्टर शीटवरची कोणती गोष्ट वापरायची संधीच मिळाली नाही?

चौथ्या प्रश्नाची उत्तरं मनापासून वाचा. एकही नाव आठवत नसेल तर एनपीसी फार झाले आहेत किंवा नावं एकसारखी वाटताहेत. तिघांनी एकच नाव लिहिलं असेल तर तो एनपीसी पुढच्या भागात मध्यभागी आणा, मग तुमच्या आराखड्यात तो साधा खानावळवाला का असेना. तिसरं उत्तर कोरं आलं तर त्या खेळाडूशी वेगळं बोला. त्याच्या कॅरेक्टरला कथेत धरून ठेवणारं काही उरलेलं नाही.

पाचव्यात "आत्ता ७-२-१, हवं ४-४-२" असं उत्तर आलं की काय बदलायचं ते लगेच दिसतं. फक्त सरासरी काढू नका. एकाला लढाई ८ हवी आणि दुसऱ्याला संवाद ८ हवा असेल, तर दोघांना निम्मं-निम्मं देऊन दोघेही अर्धपोटी राहतात. त्यापेक्षा एक सेशन एकाच्या आवडीचं आणि पुढचं दुसऱ्याच्या, हे बरं.

फॉर्मवर नाव असावं का? चार-पाच जणांच्या गटात निनावी फॉर्म नावापुरताच निनावी असतो. लिहिण्याच्या ढबीवरून माणूस ओळखू येतो आणि डीएम "हे कुणी लिहिलं" याच विचारात अडकतो. नाव ठेवा आणि वर लिहा की उत्तरं फक्त डीएम वाचणार. फॉर्म दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाठवा, त्याच रात्री नको. व्हॉट्सअॅप ग्रुपवर उत्तरं मागू नका. पहिल्याच्या उत्तराला बाकीचे अंगठा दाखवून मोकळे होतात.

तक्रारीमागचं कारण

खेळाडू जे लक्षण सांगतो ते खरं असतं. तो सुचवतो तो उपाय मात्र त्याच्या खुर्चीवरून दिसणारा असतो. समजा कुणी म्हणालं, "माझा वॉरलॉक फार कमकुवत आहे, त्याला एखादी जादूची वस्तू दे." देण्याआधी हिशोब करा. वॉरलॉक आणि विझर्ड हे दोन्ही जादूगार कॅरेक्टरचे वर्ग आहेत. पाचव्या लेव्हलच्या विझर्डकडे नऊ स्पेल स्लॉट (एका स्लॉटमागे एक स्पेल, म्हणजे मंत्र, टाकता येतो) असतात: पहिल्या पातळीचे ४, दुसऱ्या पातळीचे ३, तिसऱ्या पातळीचे २. वॉरलॉककडे दोनच, दोन्ही तिसऱ्या पातळीचे, पण ते एका तासाच्या शॉर्ट रेस्टनंतर (छोट्या विश्रांतीनंतर) परत मिळतात. दिवसात दोन शॉर्ट रेस्ट झाल्या तर त्याचे सहा मोठे स्पेल होतात आणि तो विझर्डच्या बरोबरीने उभा राहतो.

आता २०१४ चे नियम दिवसाला सहा ते आठ मध्यम किंवा कठीण एन्काउंटर (सामने) आणि मधे साधारण दोन शॉर्ट रेस्ट धरून चालतात. प्रत्यक्षात अनेक टेबलांवर दिवसाला एकच लढाई होते. विझर्ड दोन फायरबॉल टाकतो, प्रत्येकी सहा बाजूंचे आठ फासे, सरासरी २८ डॅमेज, २० फूट त्रिज्येत, आणि रात्री आठ तास झोपून (लाँग रेस्ट) सगळे स्लॉट परत मिळवतो. वॉरलॉकचे दोन स्पेल तिथेच संपतात. फायटरचा अॅक्शन सर्ज (पाळीत एक जादा कृती) आणि मंकचे की पॉइंटही (खास हालचालींसाठीचे गुण) शॉर्ट रेस्टवर अवलंबून आहेत. म्हणून वॉरलॉक, फायटर आणि मंक नाराज आणि विझर्ड खूश असं चित्र दिसलं, तर जादूची वस्तू देऊन काही होणार नाही. दिवसाची मांडणी बदलायला हवी. गेल्या तीन सेशनच्या नोट्स काढा, दोन लाँग रेस्टच्या मधे किती लढाया आणि किती शॉर्ट रेस्ट झाल्या ते मोजा.

उपाय दोन. एक, वेळेचं बंधन आणा: पहाटेपूर्वी विधी थांबवायचा असेल तर आठ तास झोपता येत नाही. दोन, प्रवासाचं कॅम्पेन असेल तर नियमपुस्तकातला 'ग्रिटी रिअॅलिझम' पर्याय घ्या, ज्यात शॉर्ट रेस्ट आठ तासांची आणि लाँग रेस्ट सात दिवसांची होते. हा बदल चालू डंजनच्या मधे करू नका, आधी सांगून टप्प्याच्या सुरुवातीला करा. विझर्डला त्याचा फटका बसतो: मेज आर्मर हा संरक्षणाचा स्पेल आठच तास टिकतो, त्यामुळे एका स्लॉटमध्ये आठवड्यातला एकच दिवस झाकला जातो. हे विझर्डच्या खेळाडूला आधी सांगा, स्पेल बदलायची मुभा द्या. २०२४ चे नियम वापरत असाल तर वॉरलॉकला 'मॅजिकल कनिंग'मुळे एका मिनिटात निम्मे स्लॉट परत मिळतात, पण दर लाँग रेस्टमागे एकदाच, म्हणून मूळ प्रश्न थोडाच हलका होतो.

दुसरी नेहमीची तक्रार लढाईची:

— पुलावरची लढाई कंटाळवाणी झाली.
— कुठल्या क्षणापासून?
— माझी पाळी झाली, मी चहा करून आणला, तरी दुसरी पाळी आली नव्हती. आली तेव्हा हल्ला चुकला.

इथे राक्षस बदलून उपयोग नाही. खेळाडूला वाट बघण्याचा वैताग आला आहे. पाच खेळाडू प्रत्येकी तीन मिनिटं घेत असतील आणि डीएम सहा, तर एक राउंड (सगळ्यांची एकेक पाळी) २१ मिनिटांचा. चार राउंडची लढाई ८४ मिनिटं चालते आणि त्यात प्रत्येकाच्या वाट्याला १२ मिनिटं येतात. एका लढाईला फोनवर टायमर लावून खरे आकडे घ्या. मग पाळी सांगताना पुढच्यालाही सांगा: "आता रोग (चोरटा), तयार रहा क्लेरिक (पुजारी)." हल्ल्याचा आणि डॅमेजचा फासा एकत्र टाकायला लावा. राक्षसांचं डॅमेज छापील सरासरीने घ्या. गॉब्लिनच्या तलवारीला दर वेळी फासा टाकण्यापेक्षा सरळ ५. निकाल दिसू लागला की उरलेले दोन गॉब्लिन पळून जाऊ द्या. खेळाडू दीड मिनिटावर आणि डीएम तीन मिनिटांवर आला तर राउंड साडेदहा मिनिटांचा होतो, म्हणजे निम्मा.

"आम्ही तासभर अडकलो" याचं मूळ बहुतेक वेळा एकाच फाशामागे लपवलेल्या एकाच सुगाव्यात असतं. वीस बाजूंच्या फाशावर डीसी (गाठायचा आकडा) १५ आणि +५ बोनस असेल तर यशाची शक्यता ५५ टक्के, म्हणजे जवळजवळ निम्म्या वेळा कथा थांबणार. एका निष्कर्षाकडे नेणारे तीन वेगळे सुगावे ठेवा. तिन्ही हुकण्याची शक्यता मग नऊ टक्क्यांवर येते. त्यातला एक तर फासा न टाकताच मिळू द्या.

"आमच्या निर्णयाने काही बदलत नाही" असं ऐकू आलं तर अनेकदा परिणाम झालेले असतात, पण ते डीएमच्या वहीत असतात. पुढच्या सेशनच्या पहिल्या पाच मिनिटांत जुन्या निर्णयाचं एक फळ डोळ्यांसमोर आणा: ज्याला सोडून दिलं तो चोर आता त्याच गावात दुकान चालवतो आहे.

आणि एखादी खेळाडू एरवी भरभरून बोलते पण सीनमध्ये गप्प होते, तर भाषेबद्दल विचारा. नियम इंग्रजीत म्हणून संवादही इंग्रजीत, हे ओझं असू शकतं. डीएमने एनपीसीचं पहिलं वाक्य मराठीत टाकलं की वाट मोकळी होते.

डीएमने खेळाडूला सांगताना

एकट्याला गाठून, दोन सेशनच्या मधे, केलेल्या कृतीबद्दल बोला, स्वभावाबद्दल नको. "तू सगळ्यांना दाबतोस" यावर भांडण होतं. "काल मंकच्या पाळीत तू तीनदा त्याने काय करावं ते सांगितलंस, आणि तिसऱ्यांदा त्याने स्वतःचा बेत सोडला" यावर बोलणं होतं. पुढे काम सोपवा: "तुला डावपेच छान सुचतात, तर पाळी सुरू व्हायच्या आधी कॅरेक्टरच्या तोंडून एक वाक्य बोल, नंतर थांब." उशिरा येणं, स्पेल न वाचता टेबलावर येणं याबद्दलही असंच. स्पेल वाचत नसेल त्याला सगळं पुस्तक वाचायला सांगू नका. नेहमीच्या चार स्पेलची कार्डं करून आणायला सांगा, त्यावर पल्ला, सेव्ह (समोरच्याने वाचण्यासाठी टाकायचा फासा) आणि डॅमेज एवढंच.

खेळाडूने डीएमला सांगताना

वाक्यात तीन गोष्टी असू द्या: प्रसंग, काय वाटलं, काय हवं होतं. "सरदाराने आम्हाला फासा न टाकता पकडलं तेव्हा हतबल वाटलं, निसटायची एखादी संधी हवी होती." नियमाचा वाद खेळ चालू असताना झाला तर दोन मिनिटं बोला, डीएमचा निर्णय माना, कागदावर टिपून ठेवा आणि सेशननंतर पुस्तक उघडा. कॅरेक्टर मेलं असेल तर त्याच रात्री निकालाची चिरफाड करू नका. शेवटचे तीन डेथ सेव्ह (मरणातून वाचण्यासाठी टाकलेले फासे) कसे झाले हे सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असतं. दोन दिवसांनी बोललात तर खेळाडूला नवीन कॅरेक्टर हवं आहे की जुनं परत आणायची मोहीम, हे शांतपणे ठरवता येतं.

एका बाबतीत वाट बघायची नाही. एखादा सीन कुणाला सहन होत नसेल तर टेबलावर ठेवलेल्या एक्स-कार्डला (X लिहिलेल्या कार्डाला) हात लावायचा आणि सीन तिथेच वळवायचा. जॉन स्टाव्ह्रोपूलोस यांनी मांडलेल्या या पद्धतीत कारण विचारायचं नाही आणि द्यायचंही नाही. फॉर्ममध्येही नंतर त्याची चौकशी करू नका.

वहीत काय लिहायचं

प्रत्येक फीडबॅकसाठी एक ओळ: तारीख, नाव, प्रसंग, खेळाडूचे शब्द जसेच्या तसे, तुम्हाला वाटणारं कारण, केलेला बदल. एका वेळी एकच बदल करा. रेस्टचे नियम, पाळीची वेळ आणि कथेचा वेग एकदम बदलले तर कशामुळे फरक पडला ते कळत नाही. सेशनच्या सुरुवातीला बदल जाहीर करा: "लढाई लांबते असं दोघांनी लिहिलं, म्हणून आजपासून दोन सेशन डॅमेजचा फासा हल्ल्याबरोबरच टाकायचा." दोन सेशननंतर त्याच दोघांना त्याच प्रसंगाबद्दल विचारा आणि टायमर पुन्हा लावून बघा. जी मागणी मान्य करता येत नाही तिलाही कारणासकट उत्तर द्या. उत्तर मिळालं नाही की लोक पुढचा फॉर्म भरत नाहीत. स्वतःची एक विशही त्या वहीत लिहा आणि पुढच्या फेरीत बोलून दाखवा. डीएमला पुढच्या टप्प्यात समुद्रावरचा प्रवास हवा असेल, तर तो त्याने खेळाडूंकडे मागावा.