अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट रिपोर्ट : आकड्याचा उगम सांगणारे लेखन

कोल्हापूरच्या अभियांत्रिकी विद्यार्थ्याला प्रोजेक्टचा विषय शोधायला फार लांब जावे लागत नाही. शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले या औद्योगिक वसाहतींतल्या फाउंड्र्या व मशीन शॉप, इचलकरंजीचे यंत्रमाग, उसाच्या पट्ट्यातली गुऱ्हाळे आणि २०१९ व २०२१ साली शहराला वेढून बसलेला पंचगंगेचा पूर यांतून प्रोजेक्टचे विषय सतत निघत असतात, आणि त्यांतले पुष्कळसे काम खरोखर चांगले असते. रिपोर्ट मात्र बहुधा शेवटच्या पंधरवड्यात, मागच्या बॅचची फाइल उघडून तिच्यातली नावे, आकृत्या आणि आकडे बदलून तयार होतो. मग वर्षभराचे काम पानांच्या गठ्ठ्यात हरवते आणि व्हायवाला (तोंडी परीक्षेला) आलेल्या परीक्षकांना ‘हा आकडा कुठून आला?’ हाच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारावा लागतो. रिपोर्टमधला प्रत्येक महत्त्वाचा आकडा कुणी, कोणत्या साधनाने, कोणत्या परिस्थितीत आणि किती वेळा मोजला, हे वाचणाऱ्याला तिथेच सापडले पाहिजे. खालच्या बहुतेक सूचना या एकाच अपेक्षेतून आल्या आहेत.

नोंदवही आधी

रिपोर्टची तयारी प्रोजेक्टचा विषय मंजूर झाला त्या दिवशी सुरू व्हायला हवी आणि तिचे साधन म्हणजे पाने क्रमांकित केलेली एक शिवलेली वही. तिच्यात तारीख, वेळ, ठिकाण, वापरलेले उपकरण, त्याचे लघुतम माप (त्यावर वाचता येणारे सर्वांत लहान माप), मिळालेले वाचन आणि ते घेणाऱ्याचे नाव लिहावे. काम फाउंड्रीत असेल तर हीट नंबर (भट्टीत एका वेळी वितळवलेल्या धातूचा क्रमांक), वाळूतला ओलावा, धातू ओततानाचे तापमान, त्या पाळीत भरलेल्या साच्यांची संख्या, नाकारलेले नग आणि प्रत्येक नगातल्या दोषाचा प्रकार या नोंदी त्याच दिवशी व्हायला हव्यात. चुकलेले वाचन एका रेघेने खोडावे. ते वाचता येईल असेच ठेवावे आणि पान फाडू नये, कारण आज चुकीचे वाटणारे वाचन पुढे सर्वांत उपयोगी ठरू शकते. व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलेला फोटो ही नोंद नव्हे. तो कोणत्या पाळीचा आणि कोणत्या मिश्रणाचा, हे चार महिन्यांनी ग्रुपमधल्या कुणालाच सांगता येत नाही.

ज्या क्रमाने रिपोर्ट वाचला जातो त्या क्रमाने तो लिहू नये. प्रस्तावनेपासून सुरुवात केली की ‘आजच्या स्पर्धेच्या युगात’ यासारखी वाक्ये आपोआप येतात आणि पहिली दहा पाने सामान्य ज्ञानाने भरतात. आधी निकालांची कोष्टके आणि आलेख तयार करावेत, मग ते ज्या पद्धतीने मिळाले ती पद्धत लिहावी, त्यानंतर चर्चा आणि निष्कर्ष लिहावेत, आणि या सगळ्याला आवश्यक तेवढीच प्रस्तावना शेवटी जोडावी. सारांश सर्वांत शेवटी लिहायचा असतो. दोनशे-अडीचशे शब्दांच्या त्या मजकुरात प्रश्न, पद्धत आणि मुख्य निकाल तिन्ही आले पाहिजेत. ज्या सारांशात एकही मोजमाप नाही तो पुन्हा लिहायला घ्यावा.

तपासता येईल असे उद्दिष्ट

‘अभ्यास करणे’, ‘सुधारणा करणे’, ‘कार्यक्षमता वाढवणे’ या शब्दांत लिहिलेले उद्दिष्ट साध्य झाले की नाही, हे कुणालाच ठरवता येत नाही. समजा, विषय गुऱ्हाळाच्या चुलवाणाचा आहे. ‘चुलवाणाची कार्यक्षमता वाढवणे’ असे लिहिण्याऐवजी ‘एक किलो गुळामागे किती किलो वाळलेले चिपाड जळते ते मोजणे, आणि धुराड्याकडे जाणाऱ्या गरम वायूंवर रस आधी तापवून घेतल्यास त्यात किती फरक पडतो ते पाहणे’ असे लिहिले, तर काय मोजायचे, किती वेळा मोजायचे आणि काय नोंदवायचे हे त्या एका वाक्यातूनच निघते. चिपाडातला ओलावा मोजावा लागेल हेही तिथेच लक्षात येते, कारण ओल्या चिपाडातली बरीच उष्णता त्यातले पाणी घालवण्यातच खर्च होते आणि दोन दिवसांच्या चिपाडाचा ओलावा वेगळा असेल तर दोन्ही दिवसांच्या आकड्यांची तुलना करता येत नाही. अशी तीन किंवा चार उद्दिष्टे पुरेशी असतात. त्यांना क्रमांक द्यावेत आणि शेवटच्या प्रकरणात त्याच क्रमाने, एकेका परिच्छेदात, प्रत्येकाचे उत्तर द्यावे. एखाद्या उद्दिष्टाचे उत्तर ‘झाले नाही’ असे असेल तर तसे लिहून का झाले नाही ते सांगावे. परीक्षकांना त्यात काही वावगे वाटत नाही. प्रत्येक प्रोजेक्ट शंभर टक्के यशस्वी झाल्याचे वाचून मात्र त्यांना शंका येते.

पद्धत इतकी स्पष्ट लिहावी की पुढच्या वर्षीच्या विद्यार्थ्यांना तुम्हाला फोन न करता तो प्रयोग पुन्हा करता यावा. ग्रीन सँड (चिकणमाती मिसळलेली ओलसर वाळू) साच्यातल्या ब्लो होलवर, म्हणजे वायू अडकून नगात राहणाऱ्या पोकळीवर, काम करणाऱ्या ग्रुपचे उदाहरण घेऊ. वाळूत ओलावा जास्त झाला की ओतलेल्या धातूच्या उष्णतेने त्याची वाफ होते, आणि वाळूची वायुपार्यता (वायू आरपार जाऊ देण्याची क्षमता) कमी असेल तर ती वाफ बाहेर न पडता धातूत अडकते, हे कारण प्रत्येक रिपोर्टमध्ये असते. नमुना कसा तयार केला ते मात्र बहुतेकांत नसते. वायुपार्यतेच्या चाचणीसाठी दोन इंच व्यासाचा आणि दोन इंच उंचीचा प्रमाण नमुना रॅमरचे (वाळू ठोकून बसवणाऱ्या साधनाचे) तीन ठोके देऊन करतात. ठोके वाढले की वाळू घट्ट बसते आणि वायुपार्यता उतरते, म्हणून ठोक्यांचा उल्लेख नसेल तर त्या कोष्टकातल्या आकड्यांवरून काहीच ठरवता येत नाही. वाळू मिक्सरमधून घेतली की साच्याजवळच्या ढिगातून, सकाळी घेतली की दुपारी, भर पावसाळ्यात की मार्चमध्ये, हेही लिहावे. यंत्राचे नाव, क्षमता आणि लघुतम माप द्यावे. कंपनीच्या माहितीपत्रकातली वर्णने उतरवू नयेत.

निकाल आणि चर्चा

गुणांच्या दृष्टीने हे सर्वांत वजनदार प्रकरण असते आणि नेमके तेच सर्वांत आखूड लिहिले जाते. कोष्टक दिले, आलेख दिला आणि खाली ‘वरील आलेखावरून असे दिसते की रिजेक्शन कमी झाले’ एवढे लिहिले, म्हणजे चर्चा झाली असे समजण्याची रीत पडली आहे.

समजा, साच्याच्या वाळूच्या मिश्रणात बदल करण्यापूर्वी शंभर नगांतले आठ नग नाकारले गेले आणि बदल केल्यानंतर शंभरातले पाच. रिपोर्टमध्ये ‘रिजेक्शन ३७.५ टक्क्यांनी घटले’ असे वाक्य येते. अंकगणित बरोबर आहे, पण शंभर-शंभर नगांच्या दोन गटांत तीन नगांचा फरक काहीही न बदलता निव्वळ योगायोगानेही सहज पडू शकतो. हाच फरक हजारात ऐंशी आणि हजारात पन्नास असा दिसला असता तर त्याला योगायोग म्हणणे अवघड झाले असते. म्हणून टक्केवारीबरोबर मूळ संख्या नेहमी द्यावी, आणि आठ टक्क्यांवरून पाच टक्क्यांवर येणे ही तीन टक्केबिंदूंची घट असते हेही ध्यानात ठेवावे. नग कमीच मिळाले असतील, तर तसे स्पष्ट लिहून ‘घट दिसली, पण ती निश्चित मानण्याइतके नग तपासता आले नाहीत’ असा निष्कर्ष काढावा. सांख्यिकीचा पेपर सगळ्यांनीच दिलेला असतो. त्यातली एखादी कसोटी इथे लावली तर व्हायवात तुमची बाजू आपोआप भक्कम होते.

दुसरे उदाहरण पंचगंगेचे. नदीची पातळी अल्ट्रासोनिक सेन्सरने मोजून मोबाइलवर इशारा देणारे प्रोजेक्ट कोल्हापुरात न झाले तरच नवल. सेन्सर पुलाखाली बसवायचा, ध्वनीला पाण्यापर्यंत जाऊन परत यायला लागलेला वेळ मोजायचा आणि त्यावरून अंतर काढायचे, एवढे तत्त्व आहे. परंतु हवेतला ध्वनीचा वेग तापमानानुसार बदलतो: २० अंश सेल्सिअसला तो सेकंदाला सुमारे ३४३ मीटर असतो आणि ४० अंशांना सुमारे ३५५ मीटर. प्रोग्रॅममध्ये ३४३ हा आकडा कायमचा घातला असेल तर चाळीस अंशांच्या उन्हात चार मीटरचे अंतर सुमारे ३.८६ मीटर दिसते, म्हणजे पाणी प्रत्यक्षापेक्षा १४ सेंटिमीटर वर आल्याचे भासते. राजाराम बंधाऱ्याजवळ इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. या चार फुटांच्या अंतरात साडेपाच इंचांची चूक दुर्लक्षित करता येत नाही. पुराच्या दिवसांत हवा चाळीस अंशांवर नसते, हे खरे आहे. पण मग चाचणी एप्रिलच्या उन्हात घेतली आणि यंत्र वापरायचे ऑगस्टच्या पावसात, हा फरक तर चर्चेत यायलाच हवा. अशी एक त्रुटी स्वतः शोधून, तिचा आकार काढून आणि तापमानाचा सेन्सर जोडल्यास ती किती कमी होईल ते दाखवून लिहिलेले एक पान, सर्किटच्या दहा फोटोंपेक्षा जास्त बोलते.

एक्सेलने दिलेली सगळी दशांश स्थळे कोष्टकात उतरवू नयेत, ०.१ पर्यंतच मोजणाऱ्या उपकरणाच्या तीन वाचनांची सरासरी ३.४६६७ लिहिणे म्हणजे न मोजलेली अचूकता सांगणे होय. आलेखावर मोजलेले बिंदू दिसले पाहिजेत, दोन्ही अक्षांवर राशीचे नाव आणि एकक असले पाहिजे, आणि चार बिंदूंमधून सॉफ्टवेअरने काढून दिलेली गुळगुळीत वळणदार रेषा टाळावी. ओळीबाहेर पडलेला बिंदू वगळू नये. वगळलाच तर कारणासह सांगावे.

पूर्वीचे काम आणि उसने शब्द

पूर्वी झालेल्या संशोधनाच्या प्रकरणात ‘अमुक यांनी अमुक साली असे केले’ अशा वीस परिच्छेदांची रांग लावण्यापेक्षा निबंधांचे प्रश्नानुसार गट पाडावेत: कुणी ओलाव्यावर काम केले, कुणी बेंटोनाइटच्या (वाळू बांधून ठेवणाऱ्या चिकणमातीच्या) प्रमाणावर, कुणाचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत, आणि तुमचा प्रोजेक्ट यांतल्या कोणत्या मोकळ्या जागेत बसतो. निबंध स्वतः उघडून, निदान पद्धत आणि निकाल वाचूनच त्याचा उल्लेख करावा. एआय चॅटबॉटने दिलेल्या संदर्भांच्या यादीत कधी कधी अस्तित्वातच नसलेले निबंध खऱ्याखुऱ्या वाटणाऱ्या नावांनी येतात, म्हणून प्रत्येक संदर्भाचा डीओआय क्रमांक (निबंधाचा कायमचा ऑनलाइन ओळख क्रमांक) टाकून तो निबंध खरोखर उघडतो का ते पाहावे.

रिपोर्टचा मजकूर इतरांच्या लेखनाशी किती जुळतो ते सांगणाऱ्या साम्य तपासणीच्या टक्क्यांची धास्ती सगळ्यांनाच असते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांत दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, आणि ते नियम मुख्यतः प्रबंध व शोधनिबंधांसाठी आहेत; तुमच्या महाविद्यालयाची मर्यादा विभागात विचारून घ्यावी. मात्र शब्द फिरवून टक्के उतरवण्यात वेळ घालवू नये. कल्पना दुसऱ्याची असेल तर शब्द बदलले तरी ती दुसऱ्याचीच राहते आणि तिथे संदर्भ द्यावाच लागतो.

रिपोर्ट इंग्रजीत लिहायचा असतो आणि आपल्याकडचे अनेक विद्यार्थी विचार मराठीत करतात, ही अडचण खरी आहे. यावर एक साधा उपाय म्हणजे प्रत्येक परिच्छेदातला मुद्दा आधी ग्रुपमधल्या दुसऱ्या मित्राला मराठीत बोलून समजावणे. त्याला कळला की मग तो लहान, साध्या इंग्रजी वाक्यांत लिहावा. मराठीतही सांगता आला नाही, तर अडचण इंग्रजीची नसून मुद्दाच अजून कच्चा आहे. चौघांनी प्रकरणे वाटून घेतली तरी शेवटी एकाने संपूर्ण रिपोर्ट सलग वाचून संज्ञा, एकके आणि चिन्हे सारखी करावीत. एकाच राशीला तीन प्रकरणांत तीन अक्षरे, हा चार हातांनी लिहिलेल्या रिपोर्टचा ठरलेला दोष आहे.

मांडणी आणि सादरीकरण

आपल्या भागात काही महाविद्यालये शिवाजी विद्यापीठाशी, काही लोणेरेच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठाशी संलग्न आहेत आणि काही स्वायत्त आहेत, त्यामुळे समास, अक्षरांचा आकार आणि प्रमाणपत्राचा नमुना चालू वर्षाचाच, स्वतःच्या विभागातून घ्यावा. शीर्षकांना वर्डमधल्या तयार स्टाइल लावाव्यात, म्हणजे अनुक्रमणिका आपोआप तयार होते आणि शेवटच्या रात्री पान क्रमांक हाताने बदलत बसावे लागत नाही. कोष्टकाचे शीर्षक वर आणि आकृतीचे खाली असते. बाइंडिंगच्या बाजूचा समास मोठा ठेवावा. संपूर्ण प्रोग्रॅम, कच्ची वाचने आणि मोठी ड्रॉइंग परिशिष्टात द्यावीत.

प्रोजेक्ट एखाद्या कारखान्याने दिलेला असेल, तर त्यांचे नाव, पार्ट नंबर, ड्रॉइंग आणि रिजेक्शनचे आकडे छापण्यापूर्वी लेखी परवानगी घ्यावी. रिजेक्शनचा आकडा ग्राहकाच्या हाती पडावा असे कोणत्याही मालकाला वाटत नाही, आणि ही हरकत बाइंडिंग झाल्यानंतर आली तर सगळ्या प्रती पुन्हा काढाव्या लागतात. परवानगी न मिळाल्यास ‘कारखाना अ’ असे लिहून आकडे टक्केवारीत देता येतात. अशा वेळी निदान एकूण नग किती तपासले एवढी संख्या तरी देण्याची मुभा मागून घ्यावी. मसुदा गाइडकडे किमान तीन आठवडे आधी द्यावा, कारण त्यांच्याकडे त्याच वेळी इतर ग्रुपचेही मसुदे येतात. विभागप्रमुखांची सही झाल्यावर बाइंडिंगला टाकण्यापूर्वी एक प्रत छापून, पेन घेऊन, कागदावर वाचावी. स्क्रीनवर सुटलेले चुकीचे एकक कागदावर सापडते. नोंदवही व्हायवाला बरोबर न्यावी आणि ज्या पानांवरून मुख्य कोष्टके तयार झाली त्या पानांना चिठ्ठ्या लावून ठेवाव्यात.