ऑलिव्ह ऑईल, घरी मुरवलेली तेलं अन् आपला नागपूरचा उन्हाळा

गोळाभात खाल्लाय ना तुम्ही? वाफाळता भात, त्यात कुस्करलेले डाळीचे गोळे अन् वरून मोहरी-हिंग-लाल मिरचीचं कडकडीत तेल, ते तेल नसलं तर गोळाभाताला काही मजाच नाही. म्हणजे इन्फ्युज्ड ऑईल काय असतं हे आपल्या नागपूरकरांना वेगळं समजवायची गरजच नाही, तेलात चव उतरवायची अन् ते तेल पानात वरून घ्यायचं, आपल्या आज्या हेच करत आल्या. फरक एवढाच की आपण ते वेळेवर करतो अन् तिथंच संपवतो, बाटलीत भरून महिनाभर ठेवत नाही. बाटलीत भरायचं म्हटलं की मग काही गोष्टी नीट समजून घ्याव्याच लागतात, माझ्या ओळखीतल्या तीन-चार जणी सध्या घरी लसणाचं तेल करून ओट्यावर ठेवून राहिल्या, खरं तर त्यांच्यासाठीच हे लिहून राहिली मी.

आधी तेल घेण्याबद्दल. दुकानात ऑलिव्ह ऑईलच्या बाटल्या बघितल्या की गोंधळ होतो कारण नावं सगळी सारखीच वाटतात. एक्स्ट्रा व्हर्जिन म्हणजे फळं दळून, न तापवता काढलेलं, आपल्या लाकडी घाण्याच्या तेलासारखं, त्याला स्वतःचा वास असतो, घशात थोडं खवखवतं आणि ती खवखव चांगल्या तेलाची खूण आहे, घाबरू नका. पोमेस म्हणजे एकदा तेल काढून झाल्यावर जो चोथा उरतो त्यातून सॉल्व्हंटनं, म्हणजे तेल विरघळवणाऱ्या रसायनानं, काढून रिफाइन केलेलं, त्यात थोडं व्हर्जिन मिसळतात. स्वस्त असतं, वाईट नाही, पण त्यात ऑलिव्हची चव शोधू नका. अन् लाइट लिहिलेलं असलं तर ते फक्त रंगाला अन् वासाला लाइट, कॅलरीला नाही. कोणतंही तेल घ्या, एका मोठ्या चमच्यात १२० च्या आसपास कॅलरी असतातच, म्हणून ऑलिव्ह आहे तर कितीही ओता असं काही नाही.

बाटली गडद काचेची किंवा टिनचा डबा असा बघूनच घ्या, अन् छोटी घ्या, २५० किंवा ५०० मिलीची. पाच लिटरचा डबा स्वस्त पडतो खरं, पण दोन-तीन माणसांच्या घरात तो संपेपर्यंत खवट होतो. मागे मी एका दुकानातून पारदर्शक बाटली घेतली होती, शोकेसमध्ये थेट उन्हात मांडलेली, घरी येऊन उघडली तर जुन्या खोबऱ्याच्या वाटीसारखा वास, आठशे रुपये पाण्यात गेले. उजेड, उष्णता अन् हवा हे तिन्ही तेलाचे वैरी, आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो तेव्हा गॅसच्या बाजूच्या कट्ट्यावर तेल ठेवणं म्हणजे रोज थोडं थोडं खराब करणं. घरातली सगळ्यात थंड अन् अंधारी जागा शोधा, आमच्याकडे ती माठाच्या मागच्या भिंतीतलं कपाट आहे. फ्रिजमध्ये ठेवलं तरी चालतं, गढूळ होईल, दाणेदार दिसेल, बाहेर काढलं की अर्ध्या-पाऊण तासात परत मोकळं होतं. थंडीत कपाटातलं तेलही कधी कधी असंच धुरकट होतं, ते बिघडलेलं नाही. अन् फ्रिजमध्ये गोठलं म्हणजे अस्सल, नाही गोठलं म्हणजे भेसळ, ही परीक्षा पण खरी नाही, त्यावर कुणाशी भांडू नका.

आता वापरायचं कुठं. ऑलिव्ह ऑईल तापवलं की विष होतं असं अजूनही बरेच जण सांगतात, तसं नाही. एक्स्ट्रा व्हर्जिन साधारण १९० ते २१० डिग्रीपर्यंत धूर सोडत नाही, रोजची भाजी परतायला, ऑम्लेटला, मंद फोडणीला एवढं पुष्कळ झालं. पण सावजी रस्स्यात मसाला इतका भाजला जातो की ऑलिव्हची चव तिथं उरतच नाही, मग कशाला महाग तेल घालायचं, तिथं आपलं शेंगदाणा किंवा जवस. पुऱ्या, पाटोड्या, सांबारवड्या (सांबार म्हणजे आपली कोथिंबीर) तळायला पण नको, नुकसान काही नाही पण पैसे कढईत जातात. ते चमकतं कुठं, तर कच्चं असताना. आपण ठेच्यावर, भाकरीवर कच्चं तेल घेतो ना, अगदी तिथंच. वांग्याचं भरीत करा, वांगं निखाऱ्यावर भाजलेलं असलं तर उत्तमच, त्यात कांद्याची पात, हिरवी मिरची, सांबार, मीठ, अन् शेवटी दोन चमचे चांगलं एक्स्ट्रा व्हर्जिन वरून सोडा आणि ढवळू नका लगेच, दोन मिनिटं ठेवा. वांग्याचा धुरकट वास अन् तेलाचा हिरवा वास, मला तर जवसाच्या तेलाइतकंच आवडतं हे.

आता मुरवलेल्या तेलांकडे, अन् इथं कृपा करून घाई करू नका. एक नियम पक्का लक्षात ठेवा, कोरडी वस्तू तेलात ठेवता येते, ओली नाही. लसूण मातीतून येतो, मातीत क्लॉस्ट्रिडियम बॉट्युलिनम नावाच्या जंतूचे बीजाणू असतात, ते लसणाला चिकटून येतात. हवेत ते काही करत नाहीत, पण तेलाच्या आत हवा नसते, लसणात ओल असते, आंबटपणा नसतो, बाहेर उकाडा, म्हणजे त्यांना पाहिजे तसं घरच मिळालं. ते जे विष तयार करतात त्याला वास नाही, चव नाही, तेलाचा रंगही बदलत नाही. आणि तेल गरम करून घेतलं म्हणून बीजाणू मरत नाहीत, त्यांना १२१ डिग्री लागतात, तेही प्रेशरमध्ये, अन् पाकळीत ओल आहे तोवर तिच्या आतलं तापमान १०० च्या वर जातच नाही. १९८५ मध्ये कॅनडात व्हँकुव्हरला एका रेस्टॉरंटमध्ये फ्रिजबाहेर ठेवलेल्या तेलातल्या लसणामुळे ३६ जणांना बॉट्युलिझम, म्हणजे याच विषानं होणारा आजार, झाला होता, कोणाला आधी कळलंच नाही कशानं झालं. म्हणून ताज्या लसणाचं, ताज्या मिरचीचं, पुदिन्याचं, सांबाराचं तेल करायचं तर थोडंसंच करा, थंड झाल्याबरोबर फ्रिजमध्ये, अन् चार दिवसांत संपवा. नाही संपलं तर फेका, जीव दुखतो पण फेका.

कोणी म्हणेल, मग आपलं लसणाचं लोणचं वर्षभर कसं टिकतं? कारण त्यात तेलासोबत भरपूर मीठ असतं, लिंबू नाहीतर कैरी असते, त्या आंबटपणात हा जंतू वाढूच शकत नाही. नुसत्या तेलात यातलं काहीच नाही. अन् मीठ तेलात विरघळत पण नाही, म्हणून तेलात चिमूटभर मीठ टाकलं की टिकेल असंही समजू नका.

बरं, मग टिकणारं तेल कसं करायचं. इथं आपला उन्हाळा कामाचा आहे बघा, जो उन्हाळा तेल खराब करतो तोच वाळवण मस्त करून देतो. कुरडया-सांडग्यांसोबत गच्चीवर कढीपत्ता पण पसरा, पण सावलीत, थेट उन्हात त्याचा रंग अन् वास दोन्ही जातात. एप्रिल-मेमध्ये दोन दिवस पुरतात. पान मुठीत घेऊन दाबा, कुरकुर आवाज येऊन चुरा झाला पाहिजे, वाकलं तर अजून ओल आहे. मिरचीचं तसंच, मी भिवापुरी घेते, आपल्याच जिल्ह्यातली, तिचा लाल रंग तेलात फार सुरेख उतरतो. इतवारी बाजारातून आणलेली मिरची कोरड्या कपड्यानं पुसा, धुवू नका, देठ काढून दोन तुकडे करा अन् एक दिवस कडक ऊन दाखवा. पावसाळ्यात करत असाल तर कढईत मंद आचेवर दोन-तीन मिनिटं गरम करून पूर्ण गार होऊ द्या.

एक कप तेलाला आठ-दहा मिरच्या. जाड बुडाच्या पातेल्यात तेल मंद आचेवर ठेवा, एक तुकडा टाकून बघा, बाजूनं अगदी बारीक बुडबुडे सावकाश यायला पाहिजेत. सू-सू आवाज झाला किंवा तुकडा काळपटला तर तेल जास्त तापलं, खाली उतरवून थांबा. बरोबर असेल तर सगळ्या मिरच्या टाका, पाच-सहा मिनिटं तशाच बारीक आचेवर, मग बंद करून झाका अन् रात्रभर राहू द्या. सकाळी तेल बघा, सोनेरीचं केशरी-लाल झालेलं असतं, बोट बुडवून चाखलं की आधी फळाचा वास अन् मग मागून तिखट येतं. मलमलच्या फडक्यातून गाळा, मिरच्या चटणीत वापरा, तेल कोरड्या काचेच्या बाटलीत. बाटली गरम पाण्यानं धुऊन उन्हात इतकी वाळवा की आत वाफेचा ठिपका दिसता कामा नये. फ्रिजमध्ये महिनाभर छान राहतं. यासाठी फार भारीतलं एक्स्ट्रा व्हर्जिन लागत नाही, मिरचीपुढं त्याचा नाजूक वास दबतोच, मधल्या किमतीचं चालतं. कढीपत्त्याचं पण अगदी असंच, फक्त आच अजून कमी अन् तीन मिनिटं पुरे. दहीभातावर एक चमचा सोडून बघा. अन् गोळाभातावर मिरचीचं, ते तर सांगायलाच नको.

आता बेकिंग. बटरच्या जागी तेल घ्यायचं तर बरोबरीनं घेऊ नका, बटरमध्ये पाणी पण असतं, १०० ग्रॅम बटरला साधारण ८५ मिली तेल पुरतं. अन् ज्या रेसिपीत बटर-साखर फेटून फुलवायची असते तिथं तेल चालत नाही, तेलात तशी हवा धरत नाही. नानकटाईला मी तूपच घेते, तेलाची नानकटाई पसरते अन् हाताला तुपकट लागते.

पण संत्र्याचा केक मात्र ऑलिव्ह ऑईलमध्येच करा, या दोघांचं फार जमतं. आंबिया बहाराची संत्री दिवाळीच्या आसपास यायला लागतात तेव्हा करा नाहीतर फेब्रुवारी-मार्चमध्ये मृगाची आली की करा. दोन संत्री कोमट पाण्यात चोळून धुवा, पुसा, आणि सोलायच्या आधी साल किसून घ्या. आपल्या संत्र्याची साल सैल असते, जोर दिला की आत दबते अन् फाटते, म्हणून फळ मुठीत घट्ट धरून किसणीवर नुसतं हलकं फिरवायचं, फक्त केशरी भाग, खालचा पांढरा आला की कडू. हा कीस पाऊण कप साखरेत टाकून बोटांनी चोळा, दोन मिनिटं तरी, साखर ओलसर पिवळी होते अन् अख्ख्या घरात संत्रं सोलल्यासारखा वास सुटतो. रस हातानंच पिळा, मिक्सरमध्ये बिया दळल्या गेल्या की कडवटपणा येतो, अन् पिळून ठेवू पण नका, थोड्या वेळानं तो आपोआप कडू व्हायला लागतो.

त्या साखरेत पाऊण कप ताजं दही, अर्धा कप ऑलिव्ह ऑईल अन् पाव कप रस घालून चांगलं फेटा. वरून दीड कप मैदा, सव्वा छोटा चमचा बेकिंग पावडर, अर्धा छोटा चमचा खायचा सोडा, चिमूटभर मीठ चाळून घाला अन् फक्त एकजीव होईपर्यंत हलवा, जास्त घोटलं की केक चिवट होतो. सात इंची टिन, आधी तापवलेल्या ओटीजीत, म्हणजे विजेच्या छोट्या ओव्हनमध्ये, १८० डिग्रीला ३५ ते ४० मिनिटं, सुरी कोरडी निघाली की झाला. लगेच कापू नका, खरं तर दुसऱ्या दिवशी जास्त चांगला लागतो. डिसेंबरच्या थंडीत बटरचा केक दगड होतो, हा मऊच राहतो कारण तेल बटरसारखं घट्ट होत नाही.

दुसरं मी नेहमी करते ते फोकाचा, इटलीचा ब्रेड, मळायची कटकट नाही. २५० ग्रॅम मैदा, १९० मिली पाणी, एक छोटा चमचा मीठ, एक मोठा चमचा तेल, अन् इन्स्टंट यीस्ट मे महिन्यात अर्धा छोटा चमचा, थंडीत पाऊण. पुस्तकातल्या वेळा नागपूरला लागू पडत नाहीत, मे महिन्यात थंड पाणी घ्या, पीठ तासाभरात दुप्पट होतं अन् लक्ष नसलं तर आंबून पसरतं, त्यापेक्षा कालवून सरळ फ्रिजमध्ये रात्रभर ठेवा. थंडीत कोमट पाणी अन् दोन-तीन तास लागतातच. पीठ चिकट असणारच, वरून मैदा घालू नका, हात ओला करून अर्ध्या-अर्ध्या तासानं तीनदा कडा उचलून मधे दुमडा. आठ इंची चौकोनी ट्रेमध्ये दोन मोठे चमचे तेल ओता, पीठ त्यात पसरवा, परत फुगू द्या, मग तेलाच्या बोटांनी बुडापर्यंत खळगे पाडा अन् त्यात ते मिरचीचं तेल सोडा, वरून जाडं मीठ. २२० डिग्रीला २० ते २५ मिनिटं. खळग्यांतलं तेल उकळताना दिसतं, कडा कुरकुरीत तळल्यासारख्या होतात. लसूण पाहिजे असला तर त्याच दिवशी ठेचून तेलात कालवा अन् बेक व्हायला पाच मिनिटं उरली असताना वरून लावा, आधी लावला तर जळून कडू होतो. जास्तीचं लसूणतेल उरलंच तर बर्फाच्या ट्रेमध्ये ओतून त्याच दिवशी फ्रीझरला लावा, पुढच्या वेळी एक वडी काढून थेट गरम तव्यावर टाकायची.