नोंदणीचं हत्यार घेऊन निघताना कागद कसे सांभाळावेत

अमेरिकेत सायलेन्सर किंवा आखूड नळीची रायफल हातात येण्याआधी मंजूर फॉर्म यावा लागतो. १९३४च्या नॅशनल फायरआर्म्स ॲक्टनुसार अशी हत्यारं केंद्रीय नोंदवहीत चढलेली असावी लागतात, आणि नोंदणीचा पुरावा जपून ठेवून एटीएफने (दारू, तंबाखू, बंदुका आणि स्फोटकं यांच्यावर देखरेख करणाऱ्या केंद्रीय यंत्रणेने) मागितल्यावर दाखवणं हे मालकाचं कर्तव्य आहे. नोंद नसलेलं हत्यार सापडलं तर १० वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. बाहेरून पाहिलं तर नोंदलेली नळी आणि बेकायदा नळी सारखीच दिसते. फरक सांगतो तो कागद.

पहिलं काम घरीच करा. विकत घेतलेल्या वस्तूचा फॉर्म ४ असतो, स्वतः बनवलेल्या वस्तूचा फॉर्म १. तो समोर ठेवा, हत्यार शेजारी ठेवा आणि सिरियल नंबर एकेक अक्षर बोट ठेवून जुळवा. इंग्रजी ‘ओ’ आणि शून्य यांची गल्लत सहज होते. माझ्या सायलेन्सरवरचा शेवटचा आकडा काजळीखाली अर्धा झाकला गेला होता. जुन्या टूथब्रशने घासून टॉर्च तिरका धरला तेव्हा कुठे तो नीट दिसला. मॉडेल, कॅलिबर, नळीची लांबीही बघा. चूक सापडलीच तर पेनाने खाडाखोड अजिबात करू नका. वेस्ट व्हर्जिनियातल्या मार्टिन्सबर्गला एटीएफचा एनएफए (म्हणजे नॅशनल फायरआर्म्स ॲक्ट) विभाग आहे, दुरुस्ती त्यांच्याकडूनच करून घ्या.

मूळ प्रत तिजोरीत ठेवा आणि बाहेर झेरॉक्स न्या. आकार लहान केला तरी चालेल, पण नंबर डोळे न ताणता वाचता आला पाहिजे. मी पहिली प्रत तशीच हत्याराच्या केसमधल्या (पेटीतल्या) फोमखाली सरकवली होती. वर्षभरात बंदुकीचं तेल मुरून नेमका नंबरावरच पिवळा डाग पडला. आता ती झिपच्या पाकिटात असते. प्रत गाडीच्या कप्प्यात न ठेवता हत्याराच्याच केसमध्ये ठेवा, म्हणजे गाडी बदलली तरी कागद मागे राहत नाही. फोनमध्ये पीडीएफ असावी, तीही डाउनलोड केलेली, कारण नेमबाजीच्या मैदानांवर नेटवर्कचा भरवसा नसतो. तरी मी कागदालाच पसंती देतो. फोन उघडून परक्याच्या हाती देणं म्हणजे सगळं घरच उघडून देणं.

हत्यार ट्रस्टच्या नावावर असेल तर ट्रस्टचा दस्तऐवज आणि त्यातल्या जबाबदार व्यक्तींची यादीही सोबत हवी. फक्त तुमच्या नावावर असेल तर ते मित्राच्या हाती देऊन पाठवू नका. तुम्ही स्वतः हजर असायला हवं.

राज्याची हद्द ओलांडताना जास्त सावध राहा. मशीनगन, आखूड नळीची रायफल वा शॉटगन आणि ‘डिस्ट्रक्टिव्ह डिव्हाइस’ (हातबॉम्बसारखी स्फोटक शस्त्रं) यांना फॉर्म ५३२०.२० लागतो, आणि निघण्याआधी त्यावर मंजुरी यावी लागते. अर्ज पाठवला म्हणून निघता येत नाही. सायलेन्सरला हा फॉर्म लागत नाही. पण कॅलिफोर्निया, न्यूयॉर्क, न्यू जर्सी अशा राज्यांत सामान्य नागरिकाला सायलेन्सर बाळगताच येत नाही, आणि तिथे केंद्राची नोंदणी तुम्हाला वाचवत नाही. त्यामुळे मुक्कामाच्या राज्याचाच नव्हे, वाटेतल्या राज्यांचाही कायदा आधी वाचा.

१ जानेवारी २०२६पासून सायलेन्सर आणि आखूड नळीच्या हत्यारांवरचा २०० डॉलरचा कर शून्य झाला आहे. त्यामुळे ‘आता कागद लागत नाही’ असा समज पसरतोय, तो चुकीचा आहे. कर गेला, नोंदणी तशीच आहे.

रस्त्यात पोलिसांनी थांबवलं तर हात स्टिअरिंगवर दिसू द्या. हत्यार गाडीत आहे हे आपणहून सांगणं काही राज्यांत बंधनकारक आहे. कागद मागितले तर ते कुठे आहेत ते आधी तोंडी सांगा आणि अधिकारी म्हणेल तेव्हाच काढा. अनेक राज्यांत सायलेन्सर कायदेशीर ठरतो तो केंद्राकडे नोंद असेल तरच, म्हणून स्थानिक पोलीसही विचारू शकतात. तिथे वाद घालत बसण्यापेक्षा झेरॉक्स पुढे करणं बरं.

हत्यार चोरीला गेलं तर कळल्याबरोबर एटीएफला कळवावं लागतं, आणि तेव्हा पहिला प्रश्न नंबराचा असतो. केसबरोबर आतली झेरॉक्सही गेलेली असते. मूळ प्रत घरी ठेवायची ती यासाठीही.