सहा माणसे, अडीच तिकिटे: घरच्या सर्वांना घेऊन बाहेर पडताना सरकारी सवलती कशा वापराव्यात

रविवारी संध्याकाळी कोल्हापूरच्या रंकाळा तलावावर जायचे ठरले की अनेक घरांत एक जण मागे राहतो. आजी म्हणते, "तुम्ही जाऊन या, मला कुठे चालवतंय." हे तिने इतक्या सहज म्हटलेले असते की पुढे तिला कोणी विचारतही नाही. प्रवासखर्च, चाकांची खुर्ची आणि बागेचे फाटक या तिन्ही अडचणींवर सरकारी तरतूद आहे, परंतु ती निरनिराळ्या खात्यांत विखुरलेली असल्यामुळे कुटुंबापर्यंत एकत्र पोहोचत नाही.

सुरुवात कागदपत्रांपासून करावी. ज्येष्ठांच्या आधार कार्डावर पूर्ण जन्मतारीख आहे ना, हे आधी पाहावे. काही जुन्या कार्डांवर केवळ जन्मवर्ष असते आणि वयाच्या सीमेवर असलेल्या व्यक्तीला त्यामुळे ऐन प्रवासात अडचण येऊ शकते. घरात दिव्यांग व्यक्ती असेल तर तिचे वैश्विक ओळखपत्र, म्हणजे यूडीआयडी कार्ड, काढून घ्यावे. त्यासाठी स्वावलंबन संकेतस्थळावर अर्ज करावा लागतो आणि त्यानंतर सरकारी रुग्णालयात तपासणी होते. दिव्यांगत्व ४० टक्के किंवा अधिक असल्यास बहुतेक योजनांचा लाभ मिळतो. मतिमंदत्व, स्वमग्नता आणि सिकलसेल धरून एकूण २१ प्रकार २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात येतात, त्यामुळे 'आमच्या मुलाचे यात बसणार नाही' असे घरबसल्या ठरवू नये.

एसटीचा हिशेब एका कुटुंबावरून पाहू. आजोबा ७८ वर्षांचे, आजी ७० वर्षांची, आई, वडील, नऊ वर्षांची मुलगी आणि चार वर्षांचा मुलगा कोल्हापूरहून पन्हाळ्याला निघाले आहेत. ७५ वर्षे पूर्ण झालेल्यांना २६ ऑगस्ट २०२२ पासून एसटीचा प्रवास मोफत असल्याने आजोबांना भाडे नाही. ६५ ते ७५ वयोगटाला अर्धे तिकीट असल्याने आजीचे अर्धे, १७ मार्च २०२३ पासून सर्व महिलांना निम्मी सवलत असल्याने आईचेही अर्धे, पाच ते बारा वर्षांच्या मुलांना अर्धे तिकीट असल्याने मुलीचे अर्धे, आणि पाच वर्षांखालील मुलगा मोफत. वडिलांचे पूर्ण तिकीट धरले तरी सहा माणसांचा प्रवास अडीच तिकिटांत होतो. दिव्यांग प्रवाशाला भाड्यात ७५ टक्के सवलत मिळते, आणि दिव्यांगत्व ६५ टक्क्यांहून अधिक असल्यास सोबत्यालाही निम्म्या भाड्याची सवलत असते. मात्र महिला आणि ज्येष्ठांच्या सवलती राज्याच्या हद्दीपुरत्याच आहेत. निपाणी किंवा बेळगावकडे जाताना सीमेपलीकडचे भाडे पूर्ण द्यावे लागते. केएमटी ही कोल्हापूर महापालिकेची शहर बससेवा आहे, त्यामुळे तिथे एसटीच्या सवलती गृहीत धरू नयेत.

चाकांची खुर्ची, काठी किंवा वॉकर घेण्यासाठी ६५ वर्षांवरील आणि वार्षिक दोन लाख रुपयांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या ज्येष्ठांना मुख्यमंत्री वयोश्री योजनेतून एकवेळचे ३,००० रुपये थेट बँक खात्यात देण्याची तरतूद २०२४ मध्ये झाली. त्याची चौकशी समाज कल्याण विभागाच्या सहायक आयुक्तांच्या कार्यालयात करावी. खुर्ची घेताना ती घडी घालून एसटीच्या डिकीत मावते का, हे अवश्य पाहावे.

यानंतर येते बागेचे फाटक, आणि माझ्या मते खरी लढाई तिथेच आहे. शहरातल्या एका बागेत आईला घेऊन गेलो तेव्हा दुचाकी आत शिरू नये म्हणून रोवलेल्या लोखंडी खांबांमध्ये तिची खुर्ची अडकली. आत मऊ हिरवळ, झोपाळे, सावली सगळे होते, पण आम्ही बाहेरूनच परत फिरलो. दुसऱ्या दिवशी टेप घेऊन गेलो. दोन खांबांतले अंतर ६० सेंटीमीटर भरले, आणि खुर्ची सुखाने जायला साधारण ९० सेंटीमीटर मोकळी जागा लागते. उताराचे प्रमाणही असेच मोजून पाहता येते. एकास बारा हे प्रमाण मानले जाते, म्हणजे १५ सेंटीमीटर उंचीच्या पायरीसाठी किमान १८० सेंटीमीटर लांबीचा उतार हवा. त्याहून आखूड उतारावर खुर्ची ढकलणाऱ्याचा दम निघतो आणि बसलेल्या माणसाचा जीव टांगणीला लागतो.

ही मागणी करताना मिंधेपणा बाळगू नये. दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम २९ नुसार दिव्यांगांना करमणुकीत समान सहभाग मिळवून देणे हे शासनाचे आणि स्थानिक संस्थांचे कर्तव्य आहे. सार्वजनिक इमारतीच्या व्याख्येत विरंगुळ्यासाठी वापरल्या जाणाऱ्या इमारतीही स्पष्टपणे धरलेल्या आहेत, आणि अशा जुन्या इमारती सुगम करण्याची नियम लागू झाल्यापासूनची पाच वर्षांची मुदत २०२२ मध्येच संपली.

अर्ज योग्य कार्यालयात जाणे महत्त्वाचे. शहरातील बागांसाठी महापालिकेचा उद्यान विभाग, दाजीपूर-राधानगरी अभयारण्यासाठी वन विभाग, आणि पन्हाळ्यावरील संरक्षित वास्तूंसाठी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण. पन्हाळा हा वस्तीचा गड असल्याने गाडी थेट वर जाते, त्यामुळे वृद्धांना नेण्यास तो इतर बहुतेक किल्ल्यांपेक्षा सोपा आहे. जुलै २०२५ मध्ये तो जागतिक वारसा यादीत आल्यामुळे तिथल्या सोयींबद्दल लिहिण्याची हीच वेळ आहे.

अर्जात तक्रारीचा सूर न ठेवता जागा, मोजमाप आणि हवा असलेला बदल इतकेच लिहावे आणि टेप लावलेला फोटो जोडावा. माझ्या अर्जात एकच ओळ महत्त्वाची होती: 'मधला एक खांब काढल्यास वाट ९० सेंटीमीटरहून रुंद होईल.' अर्जाच्या प्रतीवर आवक क्रमांकासह पोच घ्यावी. महिनाभरात हालचाल दिसली नाही, तर दहा रुपये शुल्क भरून माहिती अधिकारात त्या अर्जावर काय कार्यवाही झाली हे विचारावे. त्याचे उत्तर ३० दिवसांत देणे बंधनकारक आहे. तेही पुरले नाही, तर पोच आणि उत्तराच्या प्रती जोडून पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे तक्रार करता येते.