जुन्या जीपला दुसऱ्या मॉडेलचा फ्रंट एक्सल टाकताय? आधी खडूने रेशो मोजा

भंगारात फोर बाय फोरचा फ्रंट एक्सल स्वस्तात मिळाला की आपण लगेच उचलतो, आणि घरी आल्यावर कळतं की मागच्या एक्सलशी रेशो (चाकाच्या एका फेऱ्याला प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे एक्सलला ताकद देणारा फिरता दांडा, किती फेरे फिरतो तो आकडा) जुळतच नाही. गोळा (एक्सलवरचा डिफरन्शियलचा फुगीर भाग) न उघडता असं मोजायचं:

१. एका बाजूचं चाक (किंवा ड्रम) कोणाला तरी घट्ट धरून ठेवायला सांगा. फ्री व्हील हब (पुढचं चाक एक्सलपासून सोडवणारे हब) असतील तर दोन्ही लॉक करा.
२. दुसऱ्या चाकावर आणि प्रोपेलर शाफ्टच्या फ्लँजवर (शाफ्ट जिथे एक्सलला जोडतात त्या चकतीवर) खडूने खूण करा.
३. चाक बरोबर २० वेळा फिरवा, फ्लँजचे फेरे मोजा. त्याला १० ने भागा, झाला रेशो. जवळपास ५४ आले तर ५.३८, ४९ च्या आसपास आले तर ४.८८.

मग तुमच्या गाडीचा मागचा एक्सल तसाच मोजा, एक चाक जॅकवर, दुसरं जमिनीवर उटी लावून, गिअर न्यूट्रल आणि हँडब्रेक सोडलेला, कारण बऱ्याच जुन्या जीपना तो ट्रान्सफर केसच्या (पुढच्या-मागच्या एक्सलला ताकद वाटणाऱ्या गिअर पेटीच्या) मागेच असतो, ओढलेला राहिला तर शाफ्ट फिरणारच नाही.

गोळा कुठल्या बाजूला आहे आणि पाट्यांच्या (लीफ स्प्रिंगच्या) बैठकीतलं अंतर किती तेही टेपने बघून घ्या. रेशो वेगळा असेल तर डांबरी रस्त्यावर फोर बाय फोर टाकून बघूसुद्धा नका, ट्रान्सफर केसची वाट लागेल.